पावावरचा पक्षी

प्रश्न : ताई, नमस्कार. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. ‘द हंगर गेम्स’ मालिकेतलं दुसरं पुस्तक, ‘कॅचिंग फायर’, माझं सगळ्यात लाडकं. त्यावरचा सिनेमा मागच्या महिन्यात घरी पाहिला. भाऊ म्हणतो, पुस्तकापेक्षा सिनेमा सरस. मला मात्र त्यात काहीतरी निसटलंय असं वाटतं, पण काय ते त्याला धड सांगता येत नाही. तुम्ही कोणाच्या बाजूने?
– एक वाचक, सांगली

उत्तर : भावाच्या म्हणण्यात तथ्य आहे, म्हणून आधी त्याची बाजू घेते. सुझन कॉलिन्स यांचं हे पुस्तक 2009 सालचं. त्यात पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत नायिका कॅटनिस स्वतः बोलते, तेही वर्तमानकाळात. तिला जे दिसत नाही ते आपल्यालाही दिसत नाही. अशा पुस्तकाचा सिनेमा करायचा म्हणजे तिच्या मनातलं सगळं चेहऱ्यावर आणावं लागतं. पहिल्या भागात गॅरी रॉस यांनी हातात धरलेल्या, हलत्या कॅमेऱ्याने ते साधायचा प्रयत्न केला. थिएटरमधून बाहेर पडताना माझं डोकं ठणकत होतं. 2013 च्या दुसऱ्या भागाला फ्रान्सिस लॉरेन्स आले आणि कॅमेरा शांत झाला. कॅटनिस झालेल्या जेनिफर लॉरेन्सचा (आडनाव एकच, नातं काही नाही) चेहरा आता नीट बघता येतो.

जिल्हा अकरामधला प्रसंग आठव. पहिल्या खेळात, म्हणजे जिल्ह्याजिल्ह्यांतून निवडलेल्या मुलांना एकमेकांना मारायला लावणाऱ्या सरकारी स्पर्धेत, मारली गेलेली बारा वर्षांची रू तिथलीच. गर्दीतला एक म्हातारा तिची चार सुरांची शीळ घालतो आणि आदराची खूण म्हणून तीन बोटं वर करतो. पुस्तकात कॅटनिस विसरलेली फुलं घ्यायला मागे वळते, म्हणून त्याला गोळी घातलेली तिला दिसते. सिनेमात तिला ओढत आत नेतात आणि ती दारं बंद होता होता ते बघते. मी पुस्तक आधी वाचलं होतं, पुढे काय होणार हे ठाऊक होतं, तरी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. शेवटही तसाच. कॅटनिसचा जिल्हा बारा आता उरलेला नाही, हे तिचा मित्र गेल सांगतो आणि पुस्तक तिथे संपतं. सिनेमा तिच्या चेहऱ्यावर आणखी काही क्षण थांबतो. डोळ्यांतलं दुःख आपल्यासमोर संतापात बदलतं, आणि एकही शब्द नसतो. इथे सिनेमा पुस्तकाच्या पुढे गेलाय, हे मी मनापासून मान्य करते.

आता तुझी बाजू. निसटलेल्या त्या गोष्टीचं नाव मी सांगते: बॉनी आणि ट्विल.

आमच्या वाचनालयातल्या प्रतीत त्या पानावर आधीच्या कुणा वाचकाने पेन्सिलीने बारीक रेघ ओढली आहे. कॅटनिस जंगलात तळ्याकाठच्या पडक्या घरापाशी धनुष्य ताणून उभी आहे. समोर पीसकीपरच्या, म्हणजे सरकारी शिपायाच्या, गणवेशातली एक बाई. ती बंदूक टाकते आणि तळहात पुढे करते. हातावर पावाचा एक छोटा चपटा तुकडा, आणि त्याच्या मधोमध कॅटनिसच्या बिल्ल्यावरचाच पक्षी, मॉकिंगजे, उठवलेला. ती बाई ट्विल, जिल्हा आठमधली शिक्षिका. आत पाय दुखावलेली बॉनी, तिची विद्यार्थिनी. कापडाच्या कारखान्यांच्या त्या जिल्ह्यात उठाव होऊन चिरडला गेला आहे, आणि या दोघी, सरकार नष्ट झाला म्हणून सांगतं तो जिल्हा तेरा शोधत पायी निघाल्या आहेत. आपल्या नावाने लोक काहीतरी करताहेत, हे कॅटनिसला त्या तुकड्यावरून पहिल्यांदा हाताला लागतं. पुढच्या पुस्तकात कळतं की त्या दोघी तेराव्या जिल्ह्याला पोचल्याच नाहीत.

सिनेमात या दोघी नाहीत. 146 मिनिटांत सगळं मावत नाही, हे मला समजतं. खेळांचा मुख्य आयोजक प्लूटार्क याचं ते घड्याळ, ज्याच्या काचेवर मॉकिंगजे क्षणभर उजळून विझतो, तेही गेलं; त्याचं मला फारसं वाटलं नाही. पण या दोघी गेल्या आणि त्यांच्या जागी राष्ट्राध्यक्ष स्नो आणि प्लूटार्क यांच्या बंद खोलीतल्या बैठका आल्या. त्या बैठका सुरेख आहेत. डोनाल्ड सदरलँड आणि फिलिप सेमूर हॉफमन समोरासमोर बसल्यावर दुसरं काय होणार! पण त्यामुळे उठावाचं वजन सरकलं. पुस्तकात तो पावाच्या तुकड्यावरून, उपाशी माणसांच्या हातून वर चढत जातो. सिनेमात तो बड्या लोकांनी मांडलेल्या डावासारखा दिसतो. आगगाडी बोगद्यातून जाताना भिंतीवर लाल रंगात काढलेला पक्षी दिसतो, स्नोची नात कॅटनिससारखी वेणी घालते, या जागा दिग्दर्शकाने जाणून ठेवल्या आहेत. पण वेणी घालणारी मुलगी पोटभर जेवलेली आहे. आणि या देशाचं नावच पानेम, म्हणजे लॅटिनमध्ये भाकरी! जनतेला भाकरी आणि खेळ देऊन गप्प ठेवायचं, या रोमन म्हणीतलं ते नाव. त्याच भाकरीवर बंडाची खूण उठवणं हे कॉलिन्स यांचं सगळ्यात मोठं काम, आणि नेमकं तेच पडद्यावर आलं नाही.

माझ्या मनात हे इतकं का घर करून आहे, तेही सांगते. 2014 मध्ये थायलंडमध्ये लष्कराने सत्ता घेतली, तेव्हा रस्त्यावरच्या लोकांनी तीन बोटं वर केली आणि त्यासाठी त्यांना पकडून नेलं. 2021 मध्ये म्यानमारमध्येही तीच खूण दिसली. त्यांना कोणा प्लूटार्कने सांगितलं नव्हतं. ते फोटो पाहिले तेव्हा मला म्हातारा आठवला आणि लगेच ट्विलचा पुढे केलेला हात.

भावाला वाद घालून पटवू नकोस. ती पानं त्याला एका बैठकीत मोठ्याने वाचून दाखव, आणि मग काय म्हणतो ते मला कळव.

प्रश्न : हाच सिनेमा सातवीतल्या मुलाला दाखवावा का?
– एक पालक, चिपळूण

उत्तर : एकट्याला नको, शेजारी बसून दाखवा. गेलला चौकात चाबकाने फोडतात तो प्रसंग आणि अंगावर फोड उठवणारं धुकं, ही दोन ठिकाणं लहान मुलांना जड जातात. माझा भाचा त्या वयाचा असताना धुक्याच्या वेळी माझ्या ओढणीत तोंड खुपसून बसला होता; माकडं आली तेव्हा मात्र त्याने मान वर केली आणि शेवटपर्यंत खाली घातली नाही.