काकांनी डबा मुद्दाम मळवला होता

प्रश्न : नमस्कार. माझे काका मागच्या वर्षी गेले, त्यांना आयुष्यभर मॉडेल रेल्वेचा नाद होता. परवा कपाट आवरताना त्यांचे १२ मालडबे निघाले, ११ नवेकोरे आणि एक नुसता मळका, कडांना गंज, दाराखाली तपकिरी ओघळ. आई म्हणते धुऊन टाक. पण त्याच्या खोक्यावर काकांच्या अक्षरात 'जॉन ॲलन पद्धत' असं लिहिलंय. हे कोण? आणि डबा धुवू का?

उत्तर : धुवू नका! अजिबात पाणी लावू नका. तो गंज काकांनी स्वतः रंगवलाय, आणि खोक्यावर ते नाव लिहिलंय हे वाचून मला खरंच भरून आलं.

जॉन ॲलन अमेरिकेतले, जन्म १९१३ चा, व्यवसायाने फोटोग्राफर. कॅलिफोर्नियात मॉन्टेरेला घराच्या तळघरात त्यांनी एचओ स्केलमध्ये, म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान (सहा फुटी माणूस जेमतेम २१ मिलिमीटर भरतो), आख्खी रेल्वे उभी केली. आपल्याकडे कोथरूडला भाऊसाहेब जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम आहे ना, तेही एचओच. ॲलननी आपल्या रेल्वेचं नाव ठेवलं 'गोरी अँड डिफिटेड' (Gorre & Daphetid), स्पेलिंग चमत्कारिक पण मोठ्याने म्हटलं की इंग्रजीत 'रक्तबंबाळ आणि पराभूत' असं ऐकू येतं. शंटिंगच्या, म्हणजे डबे पुढेमागे सरकवून लावायच्या, इंजिनाच्या जागी त्यांनी एक स्टेगोसॉरस डायनासोरसुद्धा ठेवला होता, एम्मा नावाचा! टेबलावर रूळ मांडून गाडी गोल फिरवायची असं त्यांचं नव्हतंच, त्यांचे डोंगर छताला टेकायचे आणि दरी थेट जमिनीपर्यंत उतरायची, मधेच आरसे बसवलेले त्यामुळे रस्ता लांबवर गेल्यासारखा वाटायचा, आणि मित्र जमले की खऱ्या रेल्वेसारख्या गाड्या चालवायच्या.

पण मला विचाराल तर त्यांचं सगळ्यात मोठं देणं म्हणजे ही मळवण्याची कला. बहुतेकांची मॉडेलं तेव्हा खोक्यातून काढल्यासारखी चकचकीत असायची. ॲलननी ती जुनी केली, पाऊस खाल्लेली, धुराने काळवंडलेली, फळ्या निसटलेली, आणि त्यांचे फोटो मासिकांत आल्यावर लोकांना कळलं की गाडी वापरलेली दिसली तरच ती खरी वाटते.

६ जानेवारी १९७३ ला हार्ट अटॅकने ते गेले, साठीही गाठली नव्हती, आणि जेमतेम दहा दिवसांत घराला आग लागून त्या लेआउटचा बहुतेक भाग जळाला. हे मी कितीदा वाचलंय तरी दर वेळी पोटात गलबलतं. पंचवीसेक वर्षांचं काम होतं हो ते! आज उरलेत ते मुख्यतः फोटो, आणि टाइमसेव्हर नावाचं त्यांनी काढलेलं शंटिंगचं कोडं (थोडेसे रूळ आणि पाच डबे), ते अजून जगभर खेळतात.

तर काकांच्या डब्यावरची धूळ फक्त मऊ कोरड्या ब्रशने झटका. चाकं मात्र आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने पुसा, कारण तीच घाण रुळावर उतरते आणि मग इंजिनाला नीट करंट मिळत नाही. आणि एक सांगू का, उरलेल्या ११ पैकी एक डबा तुम्ही मळवून बघा. गेरू आणि कोळशाची अगदी बारीक पूड करा, कोरड्या ब्रशने वरून खाली ओढा, पाणी जसं ओघळेल तशी, आणि वर मॅट वार्निशचा हलका फवारा. काकांचा डबा शेजारी ठेवून करा, दाराखालचा ओघळ त्यांनी कुठून सुरू केलाय ते आधी नीट बघून घ्या.