महायुद्धातली "ओरिजिनल" जीप विकायला आलीय, खरी का ते कसं ओळखायचं?

आधी पुढच्या जाळीच्या उभ्या फटी मोजा. युद्धातल्या विलीज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यूला ९ असतात, नंतरच्या सिव्हिलियन सीजे मॉडेलला ७. आपल्याकडे "मिलिटरी जीप" म्हणून जे फिरतं त्यातलं बरंचसं महिंद्राची उंच बॉनेटवाली सीजे३बी असतं, ती गाडी मस्तच आहे पण युद्ध तिने पाहिलेलं नाही. शिवाय युद्धातली जीप लेफ्ट हँड ड्राइव्ह, मागे उघडणारं फळकं नाही, आणि पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली.

पण फक्त बॉडी बघून पैसे देऊ नका हं, फिलिपिन्समध्ये नवीकोरी बॉडी बनवून मिळते आणि जाळी तर काय कुठलाही वेल्डर बदलून देईल, त्यामुळे खाली वाकून चासी बघा. रेडिएटरच्या खालचा आडवा दांडा गोल पाइपचा असेल तर विलीज, चौकोनी चॅनलचा असेल तर फोर्ड. फोर्डने तर बोल्टच्या डोक्यावरसुद्धा 'एफ' ठोकलाय!

दोन्ही कंपन्यांनी मिळून ६ लाखांच्या वर जीपा काढल्या, म्हणजे नुसती एमबी काही दुर्मिळ नाही. दुर्मिळ म्हणजे सुरुवातीची, वेल्ड केलेल्या पट्ट्यांच्या जाळीची विलीज किंवा बँटम या तिसऱ्या कंपनीची बीआरसी ४०, ती जेमतेम २६०० बनली. आणि सगळे पार्ट एकाच कंपनीचे नसले तर लगेच नाक मुरडू नका, आर्मी वर्कशॉपमध्येच विलीजचं इंजिन फोर्डमध्ये बसायचं. चासी नंबर मात्र कागदांशी जुळलाच पाहिजे.