रिपोर्ट नॉर्मल, तरी जिना चढताना दम लागतो. पुढे काय तपासायचं?

तुम्ही लिहिलंय की पत्नीचं वय 41, सात-आठ महिने दुसरा मजला चढताना दम लागतो, सोबत कोरडा खोकला. एक्स-रे, ईसीजी, हिमोग्लोबिन, थायरॉइड सगळं नॉर्मल, आणि दोन डॉक्टरांनी 'टेन्शन घेऊ नका' म्हणून परत पाठवलं. मी अकरा वर्षं पीएफटी, म्हणजे फुप्फुसांच्या चाचण्या करणारी टेक्निशियन आहे. डॉक्टर नाही, त्यामुळे निदान सांगणार नाही. पण असे पेशंट रोज समोर बसतात, आणि त्यातली एक माझी सख्खी मावशी होती.

आधी एक. बसल्या जागी धाप लागली, ओठ निळसर दिसले, छातीत दुखलं, चक्कर आली किंवा एकाच पोटरीला सूज आली, तर थेट कॅज्युअल्टी गाठा. फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकली असली तरी एक्स-रे नॉर्मल दिसू शकतो.

आता मूळ प्रश्न. वहिनींना दम चढताना लागतो, आणि आतापर्यंतच्या सगळ्या तपासण्या त्या स्वस्थ बसलेल्या किंवा पडलेल्या असताना झाल्या आहेत. मावशीचंही तसंच झालं. वर्षभर खोकला; आधी अ‍ॅलर्जी म्हणाले, मग अ‍ॅसिडिटी, मग वय. इनहेलरने काडीचा फरक नाही. शेवटी मीच तिला आमच्या विभागात आणलं. 'फुंका, फुंका, अजून फुंका' हे मी दिवसभर म्हणते, त्या दिवशी म्हणताना घसा दाटून आला, कारण तिच्या छातीत फुंकायला हवाच भरत नव्हती. मग 6 मिनिटं चालण्याची चाचणी केली. बसलेली असताना ऑक्सिजन 96. मी ऑक्सिमीटर धरून तिच्या बाजूने चालत होते. चौथ्या मिनिटाला 87, आणि ती म्हणतेय, "अगं, एवढं काही नाही, जरा थांबून जाऊ."

छातीच्या डॉक्टरांनी तिला मग एक साधा प्रश्न विचारला: गावी गेल्यावर कसं वाटतं? गणपतीत ती पंधरा दिवस गुहागरला होती, तेव्हा खोकला जवळजवळ गेला होता. डोंबिवलीला परतल्यावर चार दिवसांत पुन्हा सुरू. तिच्या बाथरूमची खिडकी डक्टमध्ये उघडते. खिडकीच्या तिरक्या काचांवर कबुतरांच्या विष्ठेचा पांढरा थर, एसीच्या बाहेरच्या युनिटखाली काड्यांचं घरटं. दर रविवारी ती ते सगळं कोरड्या झाडूने झाडायची.

या आजाराला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. विष्ठेतली आणि पिसांतली प्रथिनं श्वासावाटे जातात, काहींच्या शरीराची प्रतिकारशक्ती त्यावर चवताळते, फुप्फुसांना सूज येते आणि वर्षानुवर्षं चाललं तर व्रण पडून फुप्फुस घट्ट होतं. घरातल्या चौघांपैकी एकालाच होतो, म्हणून कुणाला संशय येत नाही. फक्त कबुतरंच नव्हेत. कूलरमधली बुरशी, ओल आलेली भिंत, पिसांची उशी, साखर कारखान्यातलं जुनं बगॅस, म्हणजे उसाची बुरशी आलेली चिपाडं, यांनीही होतो. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या आयएलडी (फुप्फुसांच्या जाळीला सूज येऊन व्रण पडणारे आजार) रजिस्ट्रीत 1,084 रुग्णांपैकी 47.3 टक्क्यांना हाच आजार निघाला. 2025 मध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला तेव्हा बरीच भांडणं झाली. मला मात्र मावशीची ती खिडकीच डोळ्यांसमोर येत होती.

म्हणून छातीच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा: स्पायरोमेट्री (जोरात फुंकण्याची चाचणी), डीएलसीओ (फुप्फुसांतून वायू रक्तात किती नीट जातो ते बघणारी चाचणी) आणि 6 मिनिटं चालण्याची चाचणी करायची का? त्यात काही आढळलं तर एचआरसीटी, म्हणजे छातीचा बारकाईने केलेला सीटी स्कॅन. मावशीच्या एचआरसीटीत जागोजागी धूसर डाग होते, एक्स-रेत त्यांचा मागमूस नव्हता. हृदयासाठी टू-डी इको राहिला असेल तर तोही करा.

उपचारात पहिलं औषध म्हणजे कारण दूर करणं. सफाई वहिनींनी करायची नाही, त्यांना तेव्हा दुसरीकडे पाठवा. करणाऱ्याने एन-95 मास्क लावून, सगळं ओलं करून मगच काढावं आणि जाळी बसवावी. स्टेरॉइड लागतात की नाही ते डॉक्टर ठरवतील. मावशीला काही महिने लागले. खोकला थांबला, पण जे व्रण पडले होते ते राहिले. वर्षभर आधी कुणी विचारलं असतं तर, हे मला अजून लागतं.

वहिनींना हेच असेल असं नाही. पहाटे छातीत शिट्टी वाजत असेल तर दमा, आडवं झाल्यावर दम लागत असेल तर हृदय, श्वास घेताना गळ्याशीच आवळल्यासारखं होत असेल तर स्वरयंत्राचा दोष, असे धागे असतात. आणि श्वासाची लय बिघडल्यामुळेही दम लागतो, तोही खरा आजार आहे. श्वसनाच्या फिजिओथेरपीने सुधारतो. पण 'टेन्शन' हा शब्द या तपासण्या झाल्यावर यावा, त्याआधी नाही.

पुढच्या भेटीआधी आठवडाभर एका वहीत लिहा: दम कधी लागला, कुठे, काय करताना, बाहेरगावी कमी होतो का. घरी ऑक्सिमीटर असेल तर जिना चढण्याआधी आणि चढल्याबरोबरचा आकडाही लिहा. नेलपॉलिश काढून आणि बोट गार नसताना. बाथरूमची खिडकी, कूलर आणि ओल आलेल्या भिंतीचे फोटो मोबाइलमध्ये घेऊन जा.