दिग्दर्शकाची सही असली तरी रंग तपासूनच घ्या

प्रश्न असा आहे: 'द फ्रेंच कनेक्शन'च्या २००९ आणि २०१२ च्या ब्लू-रेंचे रंग एवढे वेगळे का? पहिलीला खुद्द दिग्दर्शकाची मान्यता होती, मग ती चुकीची कशी? आणि घरी दुरुस्त करता येईल का?

चित्रपट १९७१ चा. २००९ साली दिग्दर्शक विल्यम फ्रिडकिन यांनी चित्र आधी कृष्णधवल केलं, मग त्याचीच भडक आणि मुद्दाम धूसर केलेली रंगीत प्रत त्यावर चढवली. छायाचित्रकार ओवेन रॉइझमन यांना विचारलंच नव्हतं. त्यांनी जाहीर विरोध केला. २०१२ ची आवृत्ती दोघांनी मिळून केली, तीच घ्या. ज्याने प्रकाश रचला त्याला वगळून केलेली ग्रेडिंग (रंग-उजेडाची अंतिम जुळवणी) मी तरी प्रमाण मानत नाही.

जुनी डिस्क हाती असेल तर लाल कपड्याची कड ४००% मोठी करून बघा. ब्लू-रेत उजेडाची माहिती १९२० × १०८० असते, रंगाची मात्र ९६० × ५४०. त्यामुळे कडेला एक-दोन पिक्सेल मऊपणा कुठल्याही डिस्कवर दिसेल. रंग त्याच्या बराच पलीकडे पसरला असेल आणि ग्रेन (फिल्मचे बारीक कण) मात्र राखाडी, टोकदार असेल, तर रंग वेगळा धूसर करून चढवलेला आहे. हे घरी सुधारत नाही. पसरलेला रंग मुळात कुठे होता ते चित्रात उरलेलंच नाही.

सरसकट झाक असेल तर थोडंफार जमतं. 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'च्या २०१४ च्या ब्लू-रेवर पिवळी झाक आहे, २०१७ च्या डिस्कवर ती कमी केली. पण आधी प्लेअरवरचा संशय फेडून घ्या: डीव्हीडीला बीटी.६०१ आणि ब्लू-रेला बीटी.७०९ हे रंग उलगडण्याचं मानक लागतं, अदलाबदल झाली की लाल-हिरवे रंग सरकतात. एमपीव्ही या व्हिडिओ प्लेअरमध्ये स्क्रीनशॉट पीएनजीत घ्या (मूळ सेटिंग जेपीईजी असतं) आणि रिझॉल्व्ह या रंगजुळवणीच्या सॉफ्टवेअरच्या आरजीबी परेडमध्ये (लाल, हिरवा, निळा यांचे शेजारी-शेजारी आलेख) ढग, पांढरा सदरा, रात्रीची सावली असे वेगवेगळ्या प्रसंगांतले आठ-दहा फ्रेम तपासा. दुपार, रात्र, घराच्या आत, सगळीकडे निळा तेवढाच खाली (म्हणजे पिवळी झाक) असेल तर ती ग्रेडिंग. एखाद्याच प्रसंगात असेल तर ती प्रकाशयोजना असू शकते, तिला हात लावू नका.

दुरुस्ती टीव्हीच्या व्हाइट बॅलन्समध्ये, वेगळ्या पिक्चर मोडवर करा. निळा गेन (उजळ भागातली रंगाची पातळी) वाढवण्यापेक्षा लाल आणि हिरवा सारखेच दोन-तीन अंक उतरवा. निळा वाढवला की ढगांतले तपशील जळतात. काळ्यातही पिवळं असेल तरच ऑफसेटला (गडद भागातल्या पातळीला) हात लावा. डिस्क ८ बिटची, म्हणजे रंगाच्या मोजक्याच पायऱ्यांची असल्याने जास्त ओढलंत तर आकाशात पट्टे दिसतील.

खरे रंग कुठले हे ठरवायला जुन्या प्रिंटचा दाखला देताना ती कुठली ते विचारा. ईस्टमनकलर या रंगीत फिल्मवरच्या प्रिंटमधला निळसर-हिरवा रंग आधी उडतो आणि सगळं गुलाबी होतं. टेक्निकलरच्या डाय-ट्रान्सफर (फिल्मवर रंगद्रव्य छापून केलेल्या) प्रिंटचे रंग टिकतात. जुनी डीव्हीडी तर पुरावाच नाही, तीही कुणीतरी टेलिसिनेवर (फिल्मचं व्हिडिओ करणाऱ्या यंत्रावर) बसून आपल्या नजरेने रंगवलेली असते.