बूटच्या वेळी मेमरी राखून ठेवणाऱ्या पर्यायांचं पार्सिंग करणारा कर्नल कोड रिव्ह्यू करताना नेमकं काय बघावं?

तुम्ही विचारलंय की लिनक्स कर्नलमध्ये ‘क्रॅशकर्नल=’ या, क्रॅशच्या वेळेसाठी मेमरी राखून ठेवणाऱ्या बूट पर्यायाचं पार्सिंग (म्हणजे मजकूर वाचून त्याचा अर्थ लावणं) थोडं बदलणारा पॅच तुमच्याकडे रिव्ह्यूला आलाय. सी चांगलं येतं, पण हा कोपरा पहिल्यांदाच उघडलाय, आणि दोनदा वाचूनही ‘ठीकच तर आहे’ याच्या पुढे काही सुचत नाही. मी बरीच वर्षं सर्व्हरवरच्या केडंपचं, म्हणजे कर्नल कोसळल्यावर त्याची मेमरी जपून ठेवणाऱ्या सोयीचं काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. नावं इथे देवनागरीत आहेत, कोडमध्ये शोधताना रोमन करून घ्या.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. हा कोड चुकला तर त्या दिवशी कुणालाच कळत नाही. मशीन नेहमीसारखं बूट होतं, लॉगिन मिळतं, सगळे कामाला लागतात. राखून ठेवलेली मेमरी लागते ती मुख्य कर्नल पॅनिक झाल्यावर, म्हणजे कोसळल्यावर. तेव्हा केएक्झेक ही कर्नलमधली सोय त्या राखीव जागेत दुसरा कर्नल सुरू करतो आणि तो पहिल्या कर्नलची मेमरी डंप म्हणून उतरवून ठेवतो. जागाच नसेल किंवा कमी पडली, तर डंप मिळत नाही आणि मशीन का पडलं हे शोधायला हातात काही उरत नाही. टाइप करताना झालेली चूक कळेपर्यंत सहा महिने उलटून जाऊ शकतात.

या पार्सिंगचं मूळ आहे मेमपार्स हे फंक्शन, लिब/सीएमडीलाइन.सी मध्ये. ते मजकुरातून आकडा वाचतं, पुढे के, एम, जी, टी, पी, ई यांपैकी एखादं अक्षर असेल तर त्याप्रमाणे आकडा दहा-दहा बिट डावीकडे सरकवतं, आणि वाचन जिथे थांबलं तिथला पॉइंटर परत देतं. चूक मात्र ते कधीच कळवत नाही. आकडाच नसेल तर शून्य देतं, आणि त्यांपैकी अक्षरही नसेल तर पॉइंटर आहे तिथेच ठेवतं. त्यामुळे पॅचमध्ये मेमपार्स दिसलं की मी प्रत्येक ठिकाणी थांबून तेच बघते: पॉइंटर पुढे सरकला का, कुठल्या अक्षरावर थांबला, आणि ते अक्षर तिथे चालतं का. आकड्याकडे नंतर बघता येतं.

हे का म्हणते ते एका उदाहरणावर बघा. माणसं ‘२५६एम’ऐवजी सवयीने ‘२५६एमबी’ लिहितात. मेमपार्स एम खातं आणि बी वर थांबतं. क्रॅशकर्नलचा साधा प्रकार, म्हणजे एकच आकार दिलेला, वाचणारं फंक्शन पुढचं अक्षर तपासतं, ‘अनरेकग्नाइज्ड कॅर’ अशी तक्रार लॉगमध्ये टाकतं आणि काहीच राखून ठेवत नाही. एक्स८६ वरचं ‘मेम=’ (किती मेमरी वापरायची ते सांगणारा पर्याय) मात्र पुढचं अक्षर बघतच नाही, तिथे ‘५१२एमबी’ खुशाल चालून जातं.

आता टप्प्यांचा प्रकार घ्या, ज्यात मशीनची एकूण मेमरी ज्या टप्प्यात बसते त्याच्या कोलननंतरचा आकार राखला जातो: ‘५१२एम-२जी:६४एमबी,२जी-:१२८एम’. एक जीबीच्या मशीनवर पहिलाच टप्पा लागू होतो, ६४ एमबी घेतले जातात, उरलेला बी पुढे सरकताना गिळला जातो. सगळं छान. तीच ओळ तीन जीबीच्या मशीनवर द्या. पहिला टप्पा लागू होत नाही, पुढच्या टप्प्याकडे जाण्यासाठी लूपला स्वल्पविराम हवा असतो, तिथे बी सापडतो आणि लूप संपतो. दुसरा टप्पा वाचलाच जात नाही, राखीव जागा शून्य. लॉगमध्ये ‘साइज रिझल्टेड इन झीरो बाइट्स’ अशी एक ओळ येते, तीही इन्फो पातळीवर, म्हणजे इशारा म्हणून नव्हे, नुसती माहिती म्हणून. एकच चूक तीन ठिकाणी तीन प्रकारे वागते. तुमचा पॅच यातली एखादी वागणूक बदलत असेल, तर ती जाणूनबुजून बदलली आहे का हे सरळ विचारा.

दुसरी गोष्ट माझ्या कामात घडलेली. एका ठिकाणी मशीनची कॉन्फिगरेशन स्क्रिप्टने तयार व्हायची आणि सगळे आकडे एकाखाली एक नीट दिसावेत म्हणून ती चार अंकी करायची. ओळ झाली ‘क्रॅशकर्नल=०२५६एम’. मेमपार्स पाया शून्य देऊन आकडा वाचतं, म्हणजे पुढे शून्य दिसला की तो अष्टमान पद्धतीचा समजतं. अष्टमान २५६ म्हणजे आपले १७४. मशीनने मुकाट्याने १७४ एमबी राखले. मशीन पडलं तेव्हा दुसरा कर्नल सुरू झाला, पण डंप लिहिता लिहिता त्याची मेमरी संपली. राखीव जागा बाइट्समध्ये दाखवणाऱ्या /सिस/कर्नल/केएक्झेक_क्रॅश_साइज या फाइलमध्ये २६८४३५४५६ ऐवजी १८२४५२२२४ दिसत होतं, आणि ते कुणी पाहिलंच नव्हतं. त्या डंपसाठी ताटकळलेली आमची रात्र मला अजून आठवते. तेव्हापासून शून्याने सुरू होणारा आकडा माझ्या तपासणीतून सुटत नाही.

ओव्हरफ्लोही मेमपार्स तपासत नाही. ‘१६ई’ म्हणजे बरोबर दोनचा चौसष्टावा घात, तो ६४ बिटांत मावत नाही आणि हाती शून्य येतं. ते कोण लिहितंय म्हणाल, पण ३२ बिटांच्या मशीनवर उत्तर अनसाइन्ड लाँगमध्ये ठेवलं की ‘४जी’सुद्धा शून्य होतं, आणि ४जी लोक खरोखर लिहितात. म्हणून उत्तर कुठल्या प्रकारच्या चलात ठेवलंय ते बघा. बेरजाही बघा: ‘सीएमए=’ या मेमरी राखणाऱ्या दुसऱ्या पर्यायाच्या कोडमध्ये सुरुवात अधिक आकार अशी मर्यादा काढली जाते.

टप्प्यांच्या सीमा हा वेगळा विषय. सुरुवातीचा आकडा टप्प्यात धरला जातो, शेवटचा धरत नाहीत. दोन जीबीच्या मशीनवर फर्मवेअर थोडी मेमरी स्वतःकडे ठेवतं, त्यामुळे कर्नलच्या मोजणीत दोन जीबीपेक्षा किंचित कमी भरते आणि मशीन खालच्या टप्प्यात घसरू शकतं. ते टाळायला कोड एकूण आकडा १२८ एमबीच्या पुढच्या पटीपर्यंत वर नेतो. पॅचमध्ये तुलना या गोल केलेल्या आकड्याशी आहे की मूळ आकड्याशी, हे नक्की तपासा, दोन्ही चलांची नावं शेजारी शेजारी असल्याने नजर फसते. शिवाय टप्पा लागू झाला की लूप तिथेच थांबतो, म्हणून त्यानंतरच्या टप्प्यातला कचरा लहान मशीनवर कधीच उघड होत नाही.

कोडमध्ये एक विचित्र वाटणारी अट दिसेल: कोलन सापडला, पण तो पहिल्या स्पेसच्या आधी आहे का? ती काढावीशी वाटेल. काढू देऊ नका. फंक्शनच्या हातात उरलेली सगळी कमांडलाइन असते, आणि पुढे ‘आयपी=’ (नेटवर्क पत्ता देणारा) सारखा कोलनांनी भरलेला पर्याय असला तर साधा प्रकार टप्प्यांचा समजला जाईल.

बूट पर्यायाला त्याचं फंक्शन जोडून देणारे दोन मॅक्रो आहेत, अर्ली पॅराम आणि डबल-अंडरस्कोर सेटअप. पॅच अर्ली पॅराम वापरत असेल, तर बरोबरीचं चिन्ह नसताना फंक्शनला नल पॉइंटर मिळतो, तो पहिल्याच ओळीत अडवलेला असावा. अर्ली पॅराममध्ये यश म्हणजे शून्य, तर डबल-अंडरस्कोर सेटअपमध्ये ‘हाताळलं’ म्हणजे एक. एकातला कोड उचलून दुसऱ्यात टाकताना हे हमखास उलटं होतं.

मग हे सगळं क्यूईएमयूवर, म्हणजे आभासी मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर चालवा. ‘-एम १जी’ आणि ‘-एम ३जी’ अशा एक आणि तीन जीबीच्या दोन मशीनवर त्याच ओळी द्या: बरोबर ओळ, एमबी असलेली, पुढे शून्य असलेली, आकडा नसलेली, शेवटी स्वल्पविराम लटकलेली, आणि एकाच कमांडलाइनवर दोनदा दिलेला पर्याय, ज्यात शेवटचा लागू व्हायला हवा. दर वेळी मेमरीचा नकाशा दाखवणाऱ्या /प्रॉक/आयओमेम मध्ये ‘क्रॅश कर्नल’ची ओळ बघा. पॅच लावण्याआधीचे आणि नंतरचे निकाल समोरासमोर लिहून तेच रिव्ह्यूत चिकटवा. पॅच पाठवणाऱ्याला ‘मला शंका आहे’ यापेक्षा ‘ही ओळ दिली, आधी हे यायचं, आता हे येतं’ हे फार उपयोगी पडतं. पॅच कुणी तपासला ते सांगणाऱ्या रिव्ह्यूड-बाय ओळीत तुमचं नाव त्यानंतर द्या. कागदपत्रांमधली कर्नल-पॅरामीटर्स फाइल पॅचमध्ये बदललेली नसेल आणि वागणूक बदललेली असेल, तर ती फाइल बदलेपर्यंत नाव द्यायचं थांबा.