पत्र अजून गावाकडेच होतं

"मॅडम, मंडळीत न जाता ख्रिस्ती राहता येतं का?"

मी समुपदेशन करते. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जाण्याबद्दलचा हा प्रश्न दर दोन-तीन महिन्यांनी माझ्यासमोरच्या खुर्चीत येऊन बसतो. कधी कॉलेजातला मुलगा विचारतो, कधी सासूशी बिनसलेली सून. गेल्या पावसाळ्यात विचारणारी परिचारिका होती, वय 34. माहेर परभणीकडच्या खेड्यातलं, लग्न होऊन छत्रपती संभाजीनगरला आलेली. (तिच्या परवानगीने लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. इथे तिला ताई म्हणते.)

आठ वर्षांत ताईने चार मंडळ्या पालथ्या घातल्या होत्या. एकीत कुणी बोलायचंच नाही. दुसरीत माईकचा आवाज सोसायचा नाही. तिसरीत सगळे एकमेकांचे व्याही-जावई. चौथीत दुसऱ्याच रविवारी दशमांशाचं, म्हणजे मिळकतीचा दहावा हिस्सा देण्याचं, पाकीट हातात आलं. कोरोनापासून तिची उपासना मोबाईलवर होती, नाइट ड्युटीवरून येऊन पोळ्या लाटता लाटता. "संदेश चांगला असतो," ती म्हणाली, "पण प्रभूभोजनाची, भाकर-द्राक्षारस घेण्याची वेळ आली की मी मोबाईल पालथा ठेवते. का ते कळत नाही."

ते 'का' मी तिथेच धरायला हवं होतं. त्याऐवजी मी चांगली मंडळी कशी ओळखावी हे समजावलं, दोन पत्ते लिहून दिले, वर बायबलमधल्या इब्री लोकांच्या पत्राच्या दहाव्या अध्यायाची आठवण करून दिली: एकत्र मिळणं सोडू नका. तिला तो भाग पाठ होता. नणंद दर शनिवारी तोच व्हॉट्सॲपवर पाठवायची. दीड महिना ताई फिरकली नाही.

परत आली तेव्हा मी एकच विचारलं, "तुझं पत्र कुठे आहे?"

आपल्याकडे कुटुंब गाव बदलतं तेव्हा जुन्या मंडळीचे पाळक (धर्मगुरू) पत्र देतात: अमुक आमची सभासद, बाप्तिस्मा झालेला, दृढीकरण (मोठेपणी स्वतः विश्वासाची कबुली देण्याचा विधी) झालेलं. ते नव्या मंडळीत द्यायचं. ताईचं पत्र आठ वर्षं गावाकडेच होतं. "आणायला गेले तर त्या ऑफिसात पाय ठेवावा लागेल," ती म्हणाली आणि पर्समधला रुमाल शोधायला लागली.

मग खरं निघालं. तिचे वडील गावच्या मंडळीचे खजिनदार, चौदा वर्षं. कंपाउंडच्या भिंतीसाठी गोळा झालेल्या पैशांवरून वार्षिक सभेत एकजण उठला आणि सगळ्यांदेखत त्यांना चोर म्हणाला. चार महिन्यांनी पावत्या लागल्या, हिशेब रुपयासकट जुळला. माफी कुणी मागितली नाही. ताई त्यानंतर त्या दारात गेली नाही. आणि वडील? ते पुढच्याच रविवारी गेले, शेवटच्या बाकावर बसले, आजही बसतात. तिचा राग चोर म्हणणाऱ्यावर होताच, पण त्याहून जास्त वडिलांवर होता.

समुपदेशनात हे वरचेवर दिसतं. माणूस जी मंडळी शोधत फिरतो, तीत जुन्या मंडळीची भरपाई शोधत असतो. कुठलीच पाचवी मंडळी ती देऊ शकत नाही. बायबलमध्ये ज्यांना प्रेषित पौलाने 'तुम्ही एक शरीर' असं लिहिलं, ते करिंथ शहरातले ख्रिस्ती एकमेकांना कोर्टात खेचत होते. एकाच पत्रात दोन्ही आहे.

मराठवाड्यात 'मंडळी आपलं कुटुंब' हे नुसतं बोलायला गोड वाक्य नव्हतं, हेही विसरू नये. नारायण शेषाद्रींनी 1843 मध्ये बाप्तिस्मा घेतला, पुढे जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती उभी केली. त्या काळी ख्रिस्ती झालेल्याला भावकी तोडायची, पाणवठाही बंद व्हायचा. मयताला खांदा द्यायला मंडळीच असायची. म्हणून आपल्याकडची भांडणंही घरच्यासारखी होतात, आणि माफी न मागण्याची खोडही घरचीच. (हे माझं मत. काही पाळकांना रुचत नाही.)

एक मात्र सगळ्यांना सांगते. जिथे पैशासाठी धमकावतात, बाईच्या किंवा लेकराच्या अंगाला हात लागतो, नवऱ्याची मारहाण 'सहन कर, प्रार्थना कर' म्हणून झाकतात, तिथून निघायचं. आधी निघायचं, पत्राचं नंतर बघू. ताईचं प्रकरण तसलं नव्हतं. तिथे अपमान होता.

मी तिला म्हटलं, मंडळी राहू दे, आधी पपांना विचार की तुम्ही का जाता.

विचारायला तिला तीन आठवडे लागले. पपांनी जे सांगितलं ते तिने तिकिटाच्या मागे लिहून आणलं होतं, एसटीतच. "त्यांनी मला चोर म्हटलं हे खरं. तुझी माय गेली तेव्हा भर पावसात कबर खणायला तेच होते, हेही खरं. मी खजिनदार हाय. जमा सोडून नुसता खर्च कसा लिहू?"

मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं उरलं नव्हतं.

त्याच फेरीत ती पत्र घेऊन आली. पाळक नवे होते, त्यांना जुनं काही माहीत नव्हतं. दहा मिनिटांत सही-शिक्का झाला. फाटकाशी तो माणूस भेटला, चोर म्हणणारा. "पपाची तब्येत बरी का?" म्हणाला. ताईने उत्तर दिलं नाही. माझ्या मते तिने ते द्यायलाच हवं होतं असंही नाही.

शहरात तिने घराजवळची मंडळी धरली, पहिली, जिथे कुणी बोलत नव्हतं. मी एवढंच सुचवलं: बाक बदलू नको, आणि एखादं काम मागून घे. तिने दुसऱ्या रविवारच्या चहाचं काम घेतलं. कप विसळताना बायका बोलायला लागल्या. परिचारिका आहे कळल्यावर तर उपासनेनंतर बीपी मोजून घ्यायला रांगच. मग सलग दोन रविवार ड्युटी लागली. सोमवारी सकाळी सेलूकडच्या एका आजीबाईंचा फोन. "काहून येईना गेलीस गं? बाक रिकामा दिसायला." मोबाईलवरच्या उपासनेत चार वर्षांत तिला असं कुणी विचारलं नव्हतं.

परवा ती आली तेव्हा पुन्हा वैतागलेली होती. महिला संघाने तिला खजिनदार केलं होतं. "माझ्याच नशिबी हे का? उद्या उठून कुणी मलाही म्हणेल."

"म्हणेलही," मी म्हटलं. "मग?"

"मग काय, पपांना फोन केला." तिने पिशवीतून लाल कापडी बांधणीची नवी वही आणि पावतीपुस्तक काढून टेबलावर ठेवलं. "म्हणाले, 'पावतीशिवाय रुपया घेऊ नको, आणि दर महिन्याचा हिशेब दाराशी फळ्यावर लाव. मी लावला नव्हता.'"