मोतीला हार्टवर्म निघाला, पण तो तर मजेत उड्या मारतोय!

प्रश्न: आम्ही ह्यूस्टनला असतो. शेल्टरमधून चार वर्षांचा कुत्रा आणला, मोती. टेस्टमध्ये हार्टवर्म निघाला. डॉक्टर म्हणतात महिनाभर गोळ्या, मग तीन इंजेक्शनं, आणि तोवर पळणं-खेळणं बंद! अहो पण तो ठणठणीत आहे, बॉल दिसला की नुसता वेडा होतो. आई पुण्याहून म्हणते, जंताचं औषध पाजा की, एवढं काय त्यात. खरंच एवढं लागतं का?

उत्तर: लागतं. आई म्हणतात ते पोटातल्या जंतांना ठीक आहे, पण हे जंत पोटात नसतातच, ते फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांत आणि हृदयात राहतात, शिजलेल्या शेवयांसारखे, मादी तर 25-30 सेंटीमीटर लांब. डास चावताना अळी आत जाते आणि मोठी व्हायला सहा-सात महिने घेते, म्हणून सुरुवातीला कुत्रा मजेतच दिसतो, खोकला आणि धाप नंतर.

आता बॉलचं. इंजेक्शनने जंत मरतात पण शीवाटे पडायला रस्ताच नाही, तिथेच तुकडे होऊन हळूहळू विरतात. त्या दिवसांत मोती धावला की रक्ताचा जोर वाढतो, तुकडे पुढे सरकून फुप्फुसात अडकतात, आणि मग जिवावर बेततं. म्हणून बॉल कपाटात, अगदी वरच्या फळीवर. शेवटच्या इंजेक्शननंतरही 6 ते 8 आठवडे पट्टा लावूनच, शी-शूपुरतं बाहेर. कंटाळून भुंकेल, तर टॉवेलच्या गुंडाळीत खाऊ लपवून द्या, तासभर नाक खुपसून बसतो. फारच उधळला तर डॉक्टरांकडे शांत ठेवायची गोळी मागा, लाजू नका.

गोळ्या म्हणजे बहुतेक डॉक्सिसायक्लिन, 28 दिवस. जंताच्या अंगात वोल्बाकिया नावाचे बॅक्टेरिया असतात, ते आधी मारले की जंत मेल्यावर सूज कमी येते. जेवणाबरोबर द्या, नाहीतर ओकेल. इंजेक्शन मेलार्सोमाइनचं, कमरेच्या स्नायूत खोल, उपचार सुरू झाल्यापासून साधारण 60व्या, 90व्या आणि 91व्या दिवशी. दुखतं, दोन दिवस कुरकुरेल.

आणि आयव्हरमेक्टिन, म्हणजे जंतांवरचं औषध, घरच्या घरी अंदाजाने देऊ नका हं, रक्तातली जंताची पिल्लं एकदम मेली तर शॉक येऊ शकतो. डॉक्टर देतील तो हार्टवर्म टाळायचा महिन्याचा डोस मात्र चुकवायचा नाही, बरा झाल्यावरही, कारण ह्यूस्टनचे डास काही कुठे जात नाहीत.